करंजदरीचा डबा

हंबीरराव गवळ्याची चंद्री म्हैस रोज सकाळी आमच्या जिन्याखाली येऊन उभी राहायला लागली, तेव्हा सुरुवातीला मी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. शुक्रवार पेठेत म्हशी दारात उभ्या राहतातच. धारा काढून झाल्या की हंबीरराव त्यांना पंचगंगेवर न्यायला निघतो, एखादी मागे रेंगाळते, तो ओरडतो, ती चालू लागते. पण चंद्री रेंगाळत नव्हती. ती माडीच्या खिडकीकडे मान वर करून उभी राहायची, आणि खिडकी लवकर उघडली नाही तर अशी रेकायची की माझ्या कट्ट्यावरची पोरं सातचा पाढा विसरायची.

मी तेव्हा महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाले होते. माहेर गडहिंग्लजकडचं, नाव बसम्मा, पण सगळी गल्ली मला आक्का म्हणायची. ज्यांची शाळा दुपारची, अशी दहा-बारा मुलं सकाळी माझ्या कट्ट्यावर बसून अभ्यास करायची. पाटी त्यांची, चिंचोके माझे. माडीवरची खोली मी त्या वर्षी सम्राट नावाच्या एका मुलाला भाड्याने दिली होती. शाहूवाडीच्या डोंगरातल्या करंजदरीचा तो, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता. नाव सम्राट, पण अंगाने अगदी शेवग्याची शेंग.

एका सकाळी हंबीरराव काठी टेकत कट्ट्यापाशी आला.

"आक्का, तुमच्या भाडेकरूनं माजी म्हस बिगडवली!"

"काय केलं त्यानं?"

"कडब्याला तोंड लावंना झालीया. सरकी घातली तर वास घिऊन मान फिरवती. आन् दुधाला लसणीचा वास यायलाय! गिऱ्हाईक मला इचारतंय, हंबीरराव, ह्याचा चहा करू का आमटी करू?"

पोरं हसायला लागली. मला काहीच उलगडेना. तेवढ्यात पहिल्या रांगेतली रक्षिता, आठ वर्षांची, बेरीज करता करता मान वर न करताच म्हणाली, "चंद्री डबा खाती. सम्राटदादाचा. काल पुरणपोळी हुती."

"तुला काय माहीत गं?"

"एक मला बी दिली की."

हा डबा काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. त्या काळी कोल्हापुरात शिकणाऱ्या खेड्यातल्या पोरांचं जेवण एसटीने यायचं. रात्री गावात मुक्कामाला गेलेली गाडी सकाळी परत निघाली की आया कापडात बांधलेले डबे ड्रायव्हरच्या मागच्या फळीवर आणून ठेवायच्या. प्रत्येक डब्यावर रंगाने नाव. शिवाजी पूल ओलांडून गाडी नाक्यावर थांबली की पोरं आपापला डबा उचलायची, आणि संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा गावाला परत जायचा. पोस्टापेक्षा हे काम चोख चालायचं.

पण सम्राटचा डबा आईकडून येत नव्हता. तो गावाकडून यायचा. करंजदरीतून इंजिनिअरिंगला जाणारा तो पहिलाच मुलगा. त्याला प्रवेश मिळाला तेव्हा देवळात बैठक बसली आणि ठरलं, की पोराचं जेवण गावाचं. आज सयाजीच्या घरचं, उद्या पिराजीच्या, परवा तिसऱ्याच्या. सगळ्या घरांची पाळी लागायची. सम्राटची आई झुंबरबाई म्हणाली होती, माझ्या पोराला मी घालते की जेवायला. तिला सयाजीने गप्प बसवलं. सयाजी म्हणजे तिचा थोरला दीर आणि गावातला मोठा माणूस. "तुजं पोर आता तुजं ऱ्हायलं न्हाय, गावाचं झालं," असं त्याने सांगितलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे मला सम्राटनेच पहिल्या महिन्यात मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं.

आणि आता तो डबा म्हैस खात होती.

त्यातली खरी गंमत पुढेच आहे. डबा रोज चाटूनपुसून परत जात होता. चंद्री भाताचं शीतसुद्धा सोडत नव्हती. करंजदरीच्या बायकांना वाटलं, पोराची भूक उघडली. मग त्यांच्यात चढाओढ लागली. दोन ताळी डब्याचा चार ताळी डबा झाला. वरण गेलं, आमटी आली. भाकरी होती तिथे पुरणपोळी आली. कोणी लसणीचा ठेचा, कोणी नाचणीचे लाडू. चंद्रीच्या पाठीवर तकाकी आली. आणि सम्राटची पँट कमरेवर राहीना म्हणून तो तिला सुतळी बांधू लागला.

मी त्याला लगेच काही विचारलं नाही. गप्प असलेल्या मुलाला प्रश्न विचारला की ते आणखी गप्प होतं, हे मला वर्गाने शिकवलं आहे. त्याच्या हाताला काम द्यावं आणि आपण शेजारी बसावं. मी सम्राटला हाक मारली. "बाळा, पोरांना घड्याळ शिकवायचंय. पुठ्ठ्याचं एक घड्याळ करून देतोस? काटे फिरायला पाहिजेत."

तो बसला. पुठ्ठ्यावर गोल सुरेख काढला. कातर घेतली आणि कापायला लागला, तर रेषा सोडून कातर भलतीकडेच जाऊ लागली. हात थरथरत होता. त्याने कातर खाली ठेवली, तळहाताकडे पाहिलं.

"हे असंच हुतंय," तो म्हणाला. "पेपरला बी असंच झालतं."

मी पुठ्ठा माझ्याकडे घेतला आणि हळूहळू कापत राहिले. तो बोलत राहिला.

बारावीपर्यंत सगळं मराठीतून शिकला होता. तालुक्यात पहिला आला होता. इथे पहिल्याच तासाला सर इंग्रजीतून सुरू झाले ते वळून पाहीनात. तो सगळं उतरवून घ्यायचा, रात्रभर शब्दकोश घेऊन बसायचा, सकाळी डोकं जड. मग झोपच येईना. पुस्तक उघडलं की छातीत धडधड. सहामाहीचा निकाल लागला तेव्हा सहापैकी चार विषयांत तो नापास होता.

"घरी सांगितलंस?"

"कसं सांगू? दूध संस्थेत एकच फोन हाय. मी फोन केला की सेक्रेटरी भोंग्यावर पुकारतोय, सम्राटचा फोन आलाय, सम्राटचा फोन आलाय! आई येस्तवर निम्मं गाव तिथं उभं असतंय. एकदा म्हणलं, सांगूनच टाकू. तर फोनवर पयला सयाजीआबाच. म्हणला, काय रं सायेब, डबा पोचतोय न्हवं? मी म्हणलं, व्हय आबा, लई भारी असतोय. तिकडं बायका हसल्याल्या मला ऐकू आल्या."

"आणि जेवत का नाहीस?"

तो कापलेले पुठ्ठ्याचे तुकडे गोळा करू लागला. जिन्याखाली चंद्री रेकत होती.

"भाकरी तोंडात घातली की ज्याच्या घरची असंल त्याचं तोंड दिसतंय, आक्का. घासच गिळत न्हाय. पिराजीआबाची मोना औंदा बारावीला हाय. हुशार हाय, माज्यापेक्षा. पिराजीआबा म्हणतोय, सम्राटचं काय हुतंय बगू, मग पोरीला धाडायचं का न्हाय ते ठरवू. तिच्या मागनं आनि चार पोरं हायत. मी पडलो की सगळ्यांचं दार बंद." मग खाली मान घालून म्हणाला, "परवा नदीच्या घाटावर जाऊन बसलतो. उठावं असंच वाटंना."

माझ्या हातातली कातर थांबली. मी त्याला उपदेश केला नाही. घड्याळाला काटे लावले, ते फिरतात का पाहिलं, आणि म्हटलं, "चल, पायात चपला घाल."

त्याला घेऊन मी सरकारी दवाखान्यात गेले. तिथे मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या एक डॉक्टरबाई बसायच्या. तरुण होत्या, त्यांची एक मावशी माझ्याबरोबर शाळेत होती, पण ती ओळख मी सांगितली नाही. रांगेत बसलो आणि नंबर आला तेव्हा आत गेलो. त्यांनी सम्राटचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हा आजार आहे. ताप येतो तसा येतो, आणि औषध घेतलं, झोप झाली, बोललं, की उतरतो. तुझ्यासारखी खेड्यातून आलेली कितीतरी मुलं माझ्याकडे येतात. त्यांनाही वाटतं, आपण एकटेच." गोळ्या लिहून दिल्या. दर आठवड्याला यायला सांगितलं. घाटावर पुन्हा जावंसं वाटलं तर आधी आक्कांना उठवायचं, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. आणि शेवटी विचारलं, "घरी खरं सांगशील?"

"तोंडानं न्हाय जमायचं," सम्राट म्हणाला.

परत येताना मी त्यावरच विचार करत होते. नाक्यावर संध्याकाळच्या गाडीत रिकामे डबे चढताना दिसले आणि मला एकदम सुचलं.

"सम्राट, तोंडानं जमत नसेल तर डब्यानं सांग. उद्यापासून चंद्रीला काही घालायचं नाही. जेवढं जाईल तेवढं खा. उरेल ते तसंच परत पाठव. निदान डबा तरी खोटं बोलायचा थांबेल."

त्याला ते पटलं. त्यात मोठं धाडस नव्हतं म्हणून पटलं असावं. दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर जेवायला बसला आणि अर्धी भाकरी खाल्ली. बाकीच्या भाकऱ्या, भाजी, भात आणि घट्ट झाकणातलं दही, सगळं जसंच्या तसं बांधून संध्याकाळच्या गाडीवर ठेवलं. जोतीराम कंडक्टरने पिशवी उचलली आणि म्हणाला, "आज जड लागाय लागलाय रं! बरा हायस न्हवं?" सम्राटने मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे जोतीरामला कळलं नाही. खिडकीखाली चंद्री मात्र सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशी ओरडत होती.

मी समाधानाने झोपले. मला वाटलं, डबा पाहून झुंबरबाई फार तर फोन करेल.

करंजदरीत भरला डबा परत जाण्याचा अर्थ काय होतो, हे मला ठाऊकच नव्हतं. त्या डोंगरात बायका शेतावर न्याहारीची पाटी घेऊन जातात. उरलंसुरलं बांधावरच्या गुरापाखरांना घालतात आणि पाटी रिकामी करूनच घरी येतात. भरली पाटी घरी आणायची नसते. ती एकाच वेळी येते, शेतावरचा माणूस दगावला तर. आणि सम्राटला हे माहीत असूनही ध्यानात आलं नव्हतं. त्याच्या हिशेबी ती पाटीची रीत होती, एसटीच्या डब्याची नव्हे. जोतीरामने पोराला गाडीपाशी पाहिलं होतं, पण ते धड बोललं नाही एवढंच त्याला सांगता आलं, आणि त्यानंतर रात्रीत पोराने जिवाचं काही केलं असणार असं गावाने धरलं.

सकाळी आठच्या सुमारास आमच्या गल्लीच्या तोंडाशी करंजदरी दूध संस्थेचा टेंपो येऊन थांबला. मागे किटल्यांच्या जागी माणसं. फळकं खाली पडलं आणि बायका रडतच उतरल्या. "माज्या वासरा! कुटं गेलास रं!" पुरुष मुंडासं काखेत मारून, मान खाली घालून. सगळ्यात मागे पिराजी, दोन्ही हात पाठीशी. गल्लीतली दारं पटापट उघडली.

त्या वेळी कट्ट्यावर वर्ग भरला होता. मला आदल्या दिवसापासून पडसं झालं होतं, म्हणून मी सम्राटला म्हटलं होतं, आज पोरांना पाव, अर्धा, पाऊण तू शिकव. तो हातात एक भाकरी घेऊन उभा होता. भाकरीचे चार भाग करून त्यातला एक त्याने रक्षिताला दिला होता आणि विचारत होता, "आता माझ्याकडं किती ऱ्हायली?"

"पाऊण," पोरं ओरडली.

"आन् रक्षिताकडं?"

"काय बी न्हाय," रक्षिता तोंड भरून म्हणाली. "मी खाल्ली."

पोरं हसली, सम्राटही हसला. आणि तेवढ्यात रडणारं गाव कट्ट्यापाशी पोहोचलं.

भाकरी हातात घेऊन सम्राट गावाकडे पाहतोय आणि गाव सम्राटकडे.

"आरं, जित्तं हाय की ह्ये!" सयाजी ओरडला.

झुंबरबाई गर्दी फोडून पुढे आली. तिने आधी पोराच्या पाठीत एक रट्टा घातला, मग त्याला मिठी मारली, मग पुन्हा एक रट्टा घातला. "भरला डबा धाडतोस? भरला डबा? आईचं काळीज बंद पाडायचं हाय व्हय रं तुला?" आणि मिठीत घेतल्यावर त्याच्या बरगड्या तिच्या हाताला लागल्या. तिने त्याला लांब धरून पाहिलं. "आगं बया. ह्येचं काय झालं?"

इकडे पिराजीच्या मागून विचित्र आवाज आला. पिराजी दचकून वळला. चंद्री त्याच्या पाठीशी उभी राहून शांतपणे झेंडूचा हार खात होती.

"पिराजी," सयाजीने दरडावलं, "त्यो हार तू कशाला आणलतास?"

"लागला तर असावा म्हणून आणलता," पिराजी ओशाळून म्हणाला. "न्हाय लागला, बरंच झालं."

सगळी गल्ली हसायला लागली. हंबीररावाने तर कपाळाला हात लावला. "बगा आक्का! आता फुलं बी खाया लागली."

मी सगळ्यांना बसवलं. घरात होते तेवढे पेले काढले, शेजारून आणखी आले, हंबीररावाने दूध दिलं. चहा झाला. मी सम्राटकडे पाहिलं. मी मध्ये बोलले असते तर सगळं सोपं झालं असतं, पण ते त्याचं होतं. रक्षिता त्याच्या शेजारी सरकून बसली होती.

त्याने हातातली उरलेली पाऊण भाकरी कट्ट्यावर ठेवली.

"आबा, मी नापास झालोय. चार इशयांत." तो एका दमात पुढे म्हणाला, "मला झोप येत न्हवती. छातीत धडधडत हुतं. डबा मी खातच न्हवतो. डाक्तरकडं गेलतो, डोस्क्याच्या. गोळ्या चालू हायत."

मग मागून एक बाई म्हणाली, "आदी मला सांग, माजं नाचणीचं लाडू कुणी खाल्लं?"

सम्राटने चंद्रीकडे बोट केलं.

"आगं बाई! तूप घातलतं त्यात मी!"

"आन् माज्या पोळ्या?"

"एक ह्या पोरीनं. बाकी तिनंच."

"म्हंजी 'माजा डबा लई चाटून येतोय' म्हणून तू मला हिणवत हुतीस, ती ह्या म्हशीच्या जिवावर व्हय गं?" एक बाई दुसरीवर उसळली, आणि पुढचा थोडा वेळ करंजदरीच्या बायका म्हशीला कुणाचं काय जास्त आवडलं यावरच भांडल्या. हंबीररावाने निकाल दिला की ठेच्याच्या दिवशी चंद्री सगळ्यात खूश असायची. ठेचेवालीने पदर सावरला.

सयाजी मात्र विचारात पडला होता. "डोस्क्याचा डाक्तर म्हंजी... लोक काय म्हणतील रं?"

"आबा, मागल्या साली गुडघ्याला सुई टोचून घ्याय गेलतासा, तवा लोक काय म्हणलं?" झुंबरबाईने विचारलं.

"काय न्हाय."

"मग? गुडघा दुखला की डाक्तर, आन् डोस्कं दुखलं की लोक? घे बाबा तू गोळ्या. टायमावर घे."

इथे पिराजीने घसा खाकरला. तो वाईट माणूस नव्हता, पण बोलला तेव्हा सम्राटचा चेहरा पांढरा पडला. "ते समदं खरं. पर तालुक्यात पयला आल्यालं पोर जर असं झालं, तर आमच्या मोनाचं काय? मी काय तिला धाडत न्हाय बगा. लगीन करून देतो, मोकळा होतो."

मोना टेंपोतच होती, फळकाला टेकून उभी. ती नुसती सम्राटकडे पाहत राहिली. त्याला ज्याची भीती होती ते नेमकं हेच होतं.

"लावण केल्यावर रोप आठ दिस पिवळं पडून मान टाकतंय," झुंबरबाई म्हणाली. "तवा तू उपटून बगतोस व्हय रं, मेलं का म्हणून?"

"न्हाय उपटत," पिराजी म्हणाला. "पर पाणी जास्त झालं तर कुजतंय की!"

"तेच म्हणतोय मी, आबा," सम्राट एकदम म्हणाला. "पाणी लई झालंय."

सगळे त्याच्याकडे वळले. तो उभा राहिला. मी त्याला इतकं सरळ बोलताना पहिल्यांदाच पाहिलं.

"तुमी लई दिलंसा. चार ताळी डबा, भोंग्यावर नाव, सायेब म्हणून हाक. मला निम्मं बी पेलंना. दोन भाकरी आन् एक भाजी धाडा, बास. सायेब म्हणू नगा. मी पुन्हा पेपर देतो. एखादं वरीस मागं पडंल, पर मी सोडत न्हाय. आन् मोनाला धाडा. मी कुटं पडलो ते मला ठावं हाय. पयल्या दिवसापासनं कुणाला इचारायचं, कुटं बसायचं, झोप न्हाय आली तर कुटं जायाचं, हे मला कुणी सांगितलं न्हवतं. तिला मी सांगंन."

पिराजी डोकं खाजवत राहिला. मग त्याने कट्ट्यावरच्या पाऊण भाकरीकडे बोट केलं. "मगा काय शिकवत हुतास पोरास्नी?"

"पाव, अर्धा, पाऊण."

"आमच्या मोनाला बी असंच भाकरीवर शिकवत हुतास न्हवं, ल्हानपणी? तवापास्नं तिचं गणित सुधारलं." तो सयाजीकडे वळला. "धाडतो की मग. पर सयाजी, एक ठरवा. भरला डबा बगून माजं काळीज बसलं. पुन्हा असा डबा नगं. पोराला कमी जेवायचं असंल तर जेवू दे, उरलं तर उरू दे, पर आमाला कळाया पायजे की पोर बरं हाय का न्हाय."

यावर बैठक बसली, देवळात बसते तशीच, फक्त माझ्या कट्ट्यावर. भोंगा बंद करायचा हे चटकन ठरलं. सेक्रेटरीने नुसतं पोरगं पाठवून झुंबरबाईला बोलवायचं. डब्यात काय उरलं ते कुणी मोजायचं नाही, हेही ठरलं. अडलं ते पोर बरं नाही हे कळवायच्या खुणेपाशी. कुणी म्हणालं, झाकणाला काळा दोरा बांधावा. बायकांनी ते अपशकुनी म्हणून उडवून लावलं. कुणी लिंबू सुचवलं, तर त्याला सयाजीच घाबरला.

"कांदा ठेवा," रक्षिता म्हणाली.

"कांदा का गं?"

"अख्खा. चंद्री सगळं खाती, पर कांदा तेवढा ठेवती."

असं म्हणून तिने प्रश्न सोडवला. मन बरं नसलं की डब्यात अख्खा कांदा ठेवायचा. कांदा आला की सकाळच्या गाडीने गावातून कुणीतरी यायचं. ओरडायचं नाही, रडायचं नाही, हार आणायचा नाही. शेवटचं कलम पिराजीला पाहून घातलं.

टेंपो दुपारी निघाला. जाताना झुंबरबाईने माझे हात हातात घेतले आणि म्हणाली, "आक्का, त्येला इचारू नगा, पर त्येच्याजवळ बसा." मी म्हटलं, बसते. चंद्री टेंपोमागे नाक्यापर्यंत गेली. बायकांच्या हाताला अजून ठेच्याचा वास असणार.

पुढे सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. त्या उन्हाळ्यात सम्राटने डब्यात तीनदा कांदा ठेवला. एकदा आई आली, एकदा सयाजी आला. तो रंकाळ्यावर भेळ खाऊन आणि पोराला अर्धा तास शेतातल्या रानडुकरांच्या गोष्टी सांगून गेला. एकदा तर चुकून ठेचेवालीच आली, कारण तिला एसटीत बसायची हौस होती. डॉक्टरबाईंनी काही महिन्यांनी गोळ्या कमी केल्या. सम्राटचं एक वर्ष गेलं. गेलेल्या वर्षात तो रोज सकाळी तासभर माझ्या कट्ट्यावर शिकवायचा आणि मग आपल्या विषयांना बसायचा. दोन विषय सुटले, मग उरलेले दोन. त्याची पँट सुतळीशिवाय राहू लागली, हे मला निकालापेक्षा आधी दिसलं.

मोना मात्र त्या उन्हाळ्यानंतरच्या पावसाळ्यातच आली. शेजारच्याच गल्लीत मुलींच्या खोलीवर राहायला. सम्राटने तिला पहिल्याच दिवशी ग्रंथालय दाखवलं, समजावून सांगणारे सर कोणते ते दाखवलं, दवाखान्यात डॉक्टरबाईंची खोली दाखवली आणि नाका दाखवला. तिच्या डब्यावर निळ्या रंगाने तिचं नाव होतं. दोन भाकरी, एक भाजी.

पंधरवडाही झाला नसेल, एका संध्याकाळी ती नाक्यावर डबा ठेवायला आली तेव्हा सम्राट तिथेच होता. जोतीरामने डबा उचलून हलवला. आत काहीतरी गोल गडगडलं. सम्राटने मोनाकडे पाहिलं. मोनाने मान फिरवली. तो माझ्याकडे येऊन फक्त म्हणाला, "आक्का, उद्या चहा जास्त टाका."

सकाळच्या गाडीतून पिराजी उतरला. मागे झुंबरबाई, आणि तिच्या मागे अर्थातच ठेचेवाली. पिराजीने दोन्ही हात पुढे करून सगळ्यांना दाखवले. हार नव्हता. मोना कट्ट्यावर रक्षिताच्या शेजारी बसली होती.

"काय झालं गं?" पिराजीने विचारलं. आवाज त्याने फार जपून काढला होता.

"काय न्हाय," मोना म्हणाली. "नुसतं रडू येतंय."

झुंबरबाईने कट्ट्यावर पोरांना सरकवून जागा केली, पिशवी खाली ठेवली आणि मोनाला जवळ ओढलं.

"मग रड की," ती म्हणाली. "आमी सांजच्या गाडीपातूर हाय."